दोरी दिसते, तरी बघावंसं वाटतं

परवा आम्ही चार-पाच जणांनी लॅपटॉपवर ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’ बघितला. १९६४ चा चित्रपट. त्यात किशोरकुमार अदृश्य होतात. किशोरदा म्हणजे खंडव्याचे आणि इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेले. त्यांच्या कँटीनच्या उधारीची गोष्ट इंदूरकरांना नव्यानं सांगायला नको. गंमत म्हणजे सात वर्षं आधी, १९५७ च्या ‘मिस्टर एक्स’मध्ये थोरले बंधू अशोककुमारही असेच अदृश्य झाले होते.

हवेत तरंगणाऱ्या वस्तू बघून आम्ही खूप हसलो. “अरे, दोरी दिसतेय बघ!” पण चित्रपट अर्धवट सोडून कुणीच उठलं नाही. असं का झालं असेल?

मला वाटतं, त्या काळच्या विज्ञानपटांकडे पैसा कमी होता, पण प्रश्न खरा होता. जपानचा ‘गोजिरा’ १९५४ चा. त्यातला राक्षस म्हणजे रबरी पोशाख घातलेला माणूस. पण त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती. तिथल्या प्रेक्षकांना रबर दिसलं नसेल, भीती दिसली असेल.

१९५१ चा ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ घ्या. परग्रहावरचा क्लाटू शांततेचा निरोप घेऊन वॉशिंग्टनला उतरतो आणि आपण त्याचं स्वागत गोळीनं करतो. पुढे तो माणसांत राहतो ते ‘कार्पेंटर’ म्हणजे सुतार हे नाव घेऊन. मग तो मारला जातो आणि पुन्हा उठतो. आपल्या कॉलेजच्या चॅपलमध्ये बसलेल्याला याहून जास्त सांगायची गरज नाही.

आता पुन्हा अदृश्य माणसाकडे येऊ. एच. जी. वेल्स यांनी १८९७ मध्येच हा प्रश्न विचारला होता: कुणी बघत नसेल तर तू कसा वागशील? वेल्सच्या नायकाला त्यासाठी प्रयोगशाळा लागली. आपल्याला एक खोटं नाव आणि मोबाइल पुरतो. मागच्या वर्षी एका ग्रुपवर कुणीतरी असंच नाव लपवून एका मुलीबद्दल वाट्टेल ते लिहिलं. आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. ती आठवडाभर वर्गात आली नाही. ते लिहिणारा अदृश्य होता, मान्य. पण हसणारे आम्ही तरी कुठे दिसत होतो?

म्हणून म्हणतो, हे चित्रपट ‘जुनाट’ म्हणून बाजूला सारू नका. आजच्या पडद्यावर दोरी दिसत नाही, सगळं इतकं सफाईदार असतं की डोळे दिपतात आणि विचारायचं राहून जातं. तिथे दोरी दिसते, म्हणून आपण आधी हसतो आणि मग हळूच स्वतःकडे बघतो.

एकदा बघाच. हसू आलं तर खुशाल हसा. फक्त शेवटपर्यंत बसा.