रुमालाचा रंग बदलला, कारखाना बंदच

आदिलाबाद : अमेरिकेत लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅट. हे रंग पक्षांनी ठरवलेले नाहीत. २००० च्या निवडणुकीत टीव्हीवरच्या नकाशांनी ते पक्के केले. आपल्याकडे रंग पक्षच ठरवतो आणि कार्यकर्त्याच्या गळ्यातल्या रुमालावरून तो गावोगाव पोचतो. १९८२ मध्ये एनटीआर यांनी पिवळा आणला, २००१ मध्ये केसीआर यांनी गुलाबी.

अमेरिकेत रंग अख्ख्या राज्याला चिकटला. आदिलाबादेत तो नेत्यालाही चिकटत नाही. गोडम नगेश तेलुगू देसमचे आमदार होते, २०१४ मध्ये टीआरएसचे खासदार झाले, २०२४ मध्ये भाजपचे. पिवळा, गुलाबी, भगवा, माणूस तोच. जोगू रामन्नाही पिवळ्यातून गुलाबीत गेले. २०२३ मध्ये त्यांना भाजपच्या पायल शंकर यांनी हरवलं.

गुलाबी हा आधी वेगळ्या तेलंगणाच्या मागणीचा रंग होता. २०१४ मध्ये राज्य मिळालं आणि तो सत्तेचा रंग झाला. सत्ता गेली, तशी रुमालांची अदलाबदल सुरू झाली.

शहरातला सीसीआयचा सिमेंट कारखाना मात्र या सगळ्या रंगांत बंदच राहिला. मत मागायला येणाऱ्याला रुमालाचा रंग नाही, कारखान्याचं काय झालं तेवढं विचारा.