मु. पो. मेनू

आज जरा कबुलीजबाब द्यायचाय.

काही वर्षांपूर्वी परभणीतल्या एका कॉलेजची वेबसाइट मी फुकटात करून दिली. गावाकडचं काम, नाही कसं म्हणणार? मेनू तर असा जमला होता की विचारू नका. माऊस नेला की एक यादी उघडायची, तिच्या पोटातून दुसरी, दुसरीच्या पोटातून तिसरी. प्रत्येक विभागप्रमुखाला आपला विभाग वरच्या पट्टीत हवा होता, तोही दिला. सगळे खूश!

मग जूनमध्ये जिंतूरहून मामांचा फोन. "अरे, पोरीच्या वसतिगृहाचा फॉर्म कुठंय?"

"मामा, आधी प्रशासन, मग विद्यार्थी विकास, मग वसतिगृह, मग अर्ज."

"ते प्रशासनच उघडंना. बोट लावलं की दुसरंच पान येतंय."

अर्थात! मोबाइलवर माऊस कुठला? मी "बघतो" म्हणालो आणि दोन दिवसांनी बघितलं. तोवर मुदत संपली होती. मामेबहिणीने ते अख्खं वर्ष एसटीने जाऊन-येऊन काढलं. फॉर्म साइटवर होता, पण तिथं जायचा रस्ता फक्त माझ्या डोक्यात होता.

माऊसची चूक तासाभरात दुरुस्त झाली. खरी चूक वेगळीच होती. बघा, पत्ता आपण कसा लिहितो? मु. पो. अमुक, ता. जिंतूर, जि. परभणी. आधी आपलं गाव, मग मोठी वर्तुळं. आपला मेनू मात्र आधी जिल्हा विचारतो. वसतिगृह हवं असलेल्या माणसाला ते 'विद्यार्थी विकास'खाली येतं हे ठाऊक असायचं कारणच काय?

म्हणजे उतरंड वाईट का? मुळीच नाही. वडगाव, पिंपळगाव नावाची गावं इतकी आहेत की तालुक्याशिवाय पत्ता लागणार नाही. डेटाबेसमध्येही प्रत्येक ओळीत तिच्या वरच्या ओळीचा क्रमांक ठेवावा, हेच उत्तम. 1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि हिंगोली, वसमत, कळमनुरी तिकडे गेले. गाव तालुक्याला आणि तालुका जिल्ह्याला जोडलेला असेल, तर अशा वेळी तालुक्यांचा तेवढा 'बाप' बदलायचा, शेकडो गावं आपोआप मागे जातात.

पण हे झाड साठवणाऱ्याच्या सोयीचं. मेनू शोधणाऱ्याच्या सोयीचा हवा. दोन्ही एकच असलं पाहिजे असं कुठे लिहिलंय?

आणि ते "मेनूत सातच गोष्टी हव्यात" प्रकरण. त्यासाठी ज्याचा दाखला देतात तो मिलरचा 1956 चा लेख लक्षात किती राहतं याबद्दल आहे. मेनू तर डोळ्यांसमोर असतो, पाठ कशाला करायचाय?

शेवटी वरच्या पट्टीत प्रवेश, वसतिगृह, शिष्यवृत्ती, निकाल एवढंच ठेवलं. दोनच पातळ्या, बोटाने उघडणाऱ्या. प्रत्येक पानावर 'तुम्ही इथे आहात' अशी ओळ आणि एक शोधखिडकी. विभागांची यादी गेली पानाच्या तळाशी. एक विभागप्रमुख अजून फुगलेले आहेत. असो.

सोमवारी ऑफिसात मेनूचं झाड काढायला बसलात, तर आधी एखाद्या मामांना फोन लावा. शक्यतो मुदत संपायच्या आत.