समुपदेशकाचेही काम पाहणारा कोणी हवा

मनाची व्याधी हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नव्हे, देवीचा कोप नव्हे आणि भुताटकीही नव्हे, हे धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांस सांगावयास नको. अंगारे-धुपारे व गंडेदोरे सोडून आपली माणसे समुपदेशकाकडे जाऊ लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु मांत्रिक सोडला म्हणून नव्या माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवावयाचा काय? ज्याच्यापुढे तुमचा मुलगा वा मुलगी आपले अंतःकरण उघडे करणार, त्याचे काम तपासणारा कोणी आहे काय, हे विचारण्याचा तुम्हांस पूर्ण अधिकार आहे.

समुपदेशन बंद दाराआड चालते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरशेजारी परिचारिका असते, शिक्षकासमोर सारा वर्ग असतो. येथे मात्र दोघांवाचून तिसरा नसतो. चूक घडली तर साक्षीदार नाही. म्हणूनच ह्या व्यवसायात पर्यवेक्षणाची पद्धत निर्माण झाली. 1920 साली बर्लिन येथे मनोविश्लेषणाचे चिकित्सालय निघाले. शिकाऊ विश्लेषकाचे काम अनुभवी विश्लेषकाने तपासण्याची रीत तेथे रुजली. पर्यवेक्षण म्हणजे हेरगिरी नव्हे. समुपदेशक ठरलेल्या दिवशी अधिक अनुभवी व्यक्तीसमोर बसतो आणि आपण काय ऐकले, काय बोललो, कोठे अडखळलो, कोणाचा उगाच राग आला, हे मांडतो. त्यातून तो शिकतो. मर्यादा ओलांडत असल्यास थांबतो. दुसऱ्याचे दुःख ऐकून खचला असल्यास त्यास आधार मिळतो. ब्रिटनमधील समुपदेशकांची प्रमुख संस्था आपल्या अधिस्वीकृत सभासदांस महिन्यास किमान दीड तास पर्यवेक्षण घ्यावयास लावते; तेही शिकाऊपणापुरते नव्हे, तर काम चालू आहे तोवर.

आम्हांस ह्या गोष्टीचे महत्त्व विशेष आहे. समजा, वसतिगृहातील एक विद्यार्थी सांगतो की, राखीव जागेवरून त्यास रोज टोमणे ऐकावे लागतात. समुपदेशक उत्तर देतो, "तुम्ही फार मनाला लावून घेता, आत्मविश्वास वाढवा." हा समुपदेशक दुष्ट असेलच असे नाही, पण ज्या जातीत तो वाढला तिने त्यास हा अपमान कधी दाखविलेलाच नसतो. अन्याय करणारे बाजूस राहतात आणि अन्याय सोसणाराच रोगी ठरतो! चांगला पर्यवेक्षक येथेच त्यास अडवील: "जातीचा शब्द निघताच तू विषय का बदललास? तो सांगतो ते खरे असेल, असे तुला का वाटले नाही?" हा प्रश्न विचारणारा कोणी नसेल, तर तीच चूक पुढच्या विद्यार्थ्याच्या वाट्यास येईल.

कायदा आपल्या बाजूस काही प्रमाणात आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय वा शासनाच्या पैशावर चालणाऱ्या सेवेत जातीवरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे सांगितले. नेमणुका होतील, परंतु नेमलेल्याच्या कामावर नजर कोणाची? ती प्राचार्याची असता कामा नये. ज्याच्या हाती विद्यार्थ्याचा निकाल आहे, त्याच्या कानी विद्यार्थ्याचे गुपित जाणे घातक होय. पर्यवेक्षक संस्थेच्या अधिकारसाखळीबाहेरचा असावा, आणि त्याच्यापुढे नाव व ओळख झाकूनच हकीकत मांडली जावी.

ही कल्पना परकी वाटत असेल, तर संघाच्या विनयाकडे पाहा. नवा भिक्खू किमान पाच वर्षे आचार्याच्या आश्रयाने राहतो. वर्षावास संपला की प्रवारणेच्या दिवशी प्रत्येक भिक्खू संघास विनंती करतो की, माझा दोष दिसला, ऐकू आला वा संशय आला असेल तर मला सांगा. ही विनंती ज्येष्ठ भिक्खू प्रथम करतो. वय आणि मान वाढला म्हणून तपासणी सुटत नाही. जे भगवंताच्या संघास कमीपणाचे वाटले नाही, ते आजच्या समुपदेशकास का वाटावे?

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. पहिल्याच भेटीत नम्रपणे पण निःसंकोच विचारा: आपले शिक्षण काय, आपण पर्यवेक्षण घेता काय, किती वेळा, आणि आमची ओळख कशी झाकली जाते? प्रामाणिक समुपदेशक ह्या प्रश्नाने रागावणार नाही. जो रागावेल, त्याच्याविषयी तुम्हांस उत्तर मिळालेच आहे.

तथापि जो पर्यवेक्षक स्वतःच जातीकडे पाहू इच्छित नाही, तो समुपदेशकाचे आंधळेपण दुप्पट करील. ह्यावर उपाय एकच. आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी ह्या व्यवसायात शिरावे आणि केवळ समुपदेशक होऊन थांबू नये. दुसऱ्यांचे काम तपासण्याची पात्रता मिळवावी. डॉक्टर, वकील आणि अधिकारी घडविण्यासाठी ज्यांनी पोटास चिमटा घेतला, त्या कुटुंबांनी ह्या मार्गाकडेही आपल्या लेकरांस वळवावे. दुःख आहे, त्यास कारण आहे आणि त्याचा निरोध होऊ शकतो, ही आपल्या शास्त्याची शिकवण. दुःखाचे कारण चुकीचे सांगणारा उपचारक दुःख दूर करू शकत नाही. ते कारण नीट ओळखले जाते की नाही, हे पाहणारे डोळे आपल्या समाजातूनही निघाले पाहिजेत.