साखळीला लागलेला गाळ कोणाचा?

श्रावण शुद्ध पौर्णिमेला वैदिकांच्या घरी श्रावणी, भावाबहिणींच्या घरी रक्षाबंधन आणि पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमा. सोनेरी वेष्टनातल्या नारळाचे छायाचित्र या दिवशी वृत्तपत्रांत हमखास असते. त्या नारळाच्या आधी कोळीवाड्यात जे कर्म घडते, त्याचे छायाचित्र मात्र कोणी काढीत नाही. ते कर्म म्हणजे नौका धुणे. सोळा उपचारांत देवाला गंधफुलाआधी स्नान घडते. कोळीवाड्यातही पूजेच्या आधी नौकेला स्नान घडते, आणि आमच्या मते सणाचे मुख्य अंग तेच होय.

मासेमारीची सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. परंतु जुन्या वळणाचे कोळी बांधव पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावाचून नौका लोटीत नाहीत. ही पौर्णिमा २०२४ साली १९ ऑगस्टला आली. तोवर किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या नौका उघडायच्या, खरवडायच्या, धुवायच्या, रंगवायच्या, अशी धांदल असते.

या धुण्याचे एक शास्त्र आहे आणि ते आम्ही पोथीत नव्हे, तर खलाशांच्या हातात पाहिले. लाकडी डेक खाऱ्या पाण्याने धुतात. पावसाचे गोडे पाणी फळ्यांच्या सांध्यांत मुरून राहिले तर लाकूड कुजते. समुद्राचे पाणी त्याला मानवते. लोखंडाचे उलटे. नांगराच्या साखळीला खारे पाणी गंज चढविते, म्हणून गाळ समुद्राच्या पाण्याने काढला तरी शेवटचा हात शक्य तेव्हा गोड्या पाण्याचा. साखळीवरचा गाळ तसाच वाळू दिला तर तो ओल धरून बसतो आणि खालून लोखंड खातो. डेकवर मासळीची चिकटण व खवले राहिले तर पाय घसरतोच, शिवाय पुढची मासळी लवकर नासते. मोठ्या जहाजांवर तर नांगर वर येत असतानाच नळातून साखळीवर पाण्याचे फवारे मारण्याची सोय असते, कारण चिखलाने माखलेली साखळी कोठारात शिरली की तेथे दुर्गंधी माजते.

दुर्गंधीचा विषय निघाला म्हणून सांगतो. खाडीच्या तोंडाशी वर येणारा गाळ बहुधा काळा असतो आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. तळाच्या चिखलात प्राणवायू उरला नाही आणि सेंद्रिय घाण मात्र येत राहिली, की गंधकाचा वायू तयार होतो. खाडीच्या चिखलाला असा वास थोडाफार असतोच. वरून नाल्यांची भर पडली की तो उग्र होतो. साखळीच्या कड्यांत याखेरीज प्लास्टिकची पिशवी, नायलॉनचा दोरा, क्वचित देवाच्या तसबिरीची चौकटही अडकलेली निघते. धुणारा खलाशी ते मुकाट्याने सोडवतो. हे सारे त्याने टाकलेले नाही.

मग कोणी टाकले? त्यासाठी किनारा सोडून उगमाकडे चालावे लागते, पार मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडापर्यंत. सिद्धगड म्हटले की २ जानेवारी १९४३ रोजी तेथल्या रानात हुतात्मा झालेले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील आठवतात. समुद्र कोणाला आठवत नाही. परंतु भीमाशंकर अभयारण्यातल्या या गडाच्या पश्चिम अंगावर श्रावणात पडणारे पाणी अखेर उल्हास नदीच्या खोऱ्यात उतरते आणि वसईच्या खाडीला मिळते. पाचूबंदरच्या नौका ज्या पाण्यात नांगर टाकतात, त्या पाण्यात सिद्धगडाचा अंश आहे.

गडाच्या पायथ्याशी लावणी आटोपली की शेतकरीही नांगर धुऊन ठेवतो. येथे भाषेची एक गंमत आहे. शेतकऱ्याचा नांगर संस्कृत ‘लाङ्गल’ शब्दापासून आला, तर कोळ्याचा नांगर फारसी ‘लंगर’ शब्दापासून. दोन दूरदेशीचे शब्द मराठीच्या उंबऱ्यात येऊन एकरूप झाले. डोंगर आणि नौका यांचे नाते तर त्याहून जुने. महाभारताच्या वनपर्वातल्या मत्स्योपाख्यानात प्रलय ओसरताना मनूची नौका हिमालयाच्या ज्या शिखराला बांधली, त्याचे नावच ‘नौबंधन’ पडले.

पायथ्याचे ओढे श्रावणात नितळ वाहतात. पुढे बारवी, काळू, भातसई ही पाण्ये घेऊन उल्हास शहरांच्या पट्ट्यात शिरते. अंबरनाथ-उल्हासनगरमधून वालधुनी येऊन मिळते, आणि तिच्या पाण्याचा रंग कल्याणकरांना सांगायला नको. कारखाने आणि नगरपालिका यांच्या दोषांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ते येथे उगाळीत नाही, कारण हे पान भाविकांचे आहे आणि आम्हांला भाविकांशीच भांडायचे आहे.

पुलावर वाहन थांबते, काच खाली होते, निर्माल्याची पिशवी पाण्यात पडते, हात जोडले जातात. विचारावे तर उत्तर तयार: निर्माल्य वाहत्या पाण्यातच सोडावे ना! वाचकहो, देवाला वाहिलेले आणि पूजेनंतर उतरविलेले ते निर्माल्य. पिशवी कोणी देवाला वाहिली होती? पत्री, फूल, दूर्वा पाण्यात विरतात, म्हणून तो प्रघात पडला. जे विरत नाही त्याला तो लागू करणे हा शास्त्राचा नव्हे, आळसाचा आधार होय. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. पुलावरची पिशवी अद्याप पडतेच आहे. फुलापानांचे खत होते. निर्माल्य शेतकऱ्याच्या नांगराखाली गेले तर पीक येते, कोळ्याच्या नांगराला लागले तर त्याला तो खरवडत बसावे लागते.

कोळी बांधवांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. डेक धुताना यंत्राचे तेल, डिझेल आणि साबणाचे पाणी बाहेर लोटले जाते. मोठ्या जहाजांना समुद्रात सोडायच्या पाण्यात तेलाचे प्रमाण दहा लाख भागांत १५ पेक्षा अधिक असू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. लहान नौकेवर मापन कोण करणार? पण यंत्राखालचे तेल चिंधीने टिपून डब्यात भरणे कोणालाही जमते, आणि कित्येक तांडेल ते करतातही.

यंदा पौर्णिमेला नारळ अर्पण करताना त्याचे सोनेरी वेष्टन कागदाचे आहे की प्लास्टिकचे, एवढे पाहावे. प्लास्टिकचे असेल तर किनाऱ्यावरच उतरवून घ्यावे. नुसता नारळही समुद्र स्वीकारतो. आणि कल्याण, टिटवाळा, मुरबाडकडच्या देवस्थानांनी निर्माल्याचा हौद देवळाच्या मागे न ठेवता प्रदक्षिणेच्या वाटेवर, लोकांना दिसेल असा ठेवावा. शेजारी पिशव्या रिकाम्या करून टाकण्यासाठी एक टोपली ठेवावी.