आत्याने दिले तर माफ, आत्याला दिले तर कर?

दोह्यातील अल दुहैलला राहणाऱ्या आपल्या माणसाच्या पगारावर कतारमध्ये आयकर नाही. ठाण्याला किंवा अलिबागला कोणी आजारी पडले की तो मोबाइलवरून पैसे पाठवतो आणि कर्तव्य पार पडले असे समजतो. पण भारतात भेटीच्या रकमेवरचा कर देणाऱ्याला नसतो, घेणाऱ्याला असतो. आणि तो नात्यावर ठरतो.

आई-वडील, सासू-सासरे, मुले, भाऊ-बहीण, मेहुणे यांना औषधपाण्यासाठी कितीही रक्कम पाठवा, ती करमुक्त. आत्या, मावशी, काका, मामा यांनी भाच्या-पुतण्यांना दिलेली रक्कमही करमुक्त. गंमत पुढे आहे. भाच्याने आत्याला दिले तर कायद्याच्या व्याख्येत तो आत्याचा ‘नातेवाईक’ नाही! चुलत-मावस भावंडेही नाहीत. अशांकडून वर्षभरात मिळून 50,000 रुपयांपेक्षा जास्त आले, तर सगळी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. म्हणजे पाच भाच्यांनी शस्त्रक्रियेसाठी वीस-वीस हजार पाठवले, तर आत्याच्या उत्पन्नात एक लाखाची भर. तिचे उत्पन्न तुटपुंजे असेल तर कर लागणार नाही; पण पेन्शन, ठेवींचे व्याज आणि घरभाडे असेल तर लागू शकतो.

माझे मत स्पष्ट आहे. ज्या अविवाहित आत्याने किंवा मावशीने आपल्याला वाढवले, तिच्या उपचाराचा खर्च भाच्याने केला तर कायद्याने त्यात आडवे येऊ नये. निदान हॉस्पिटलच्या बिलाइतकी रक्कम तरी दोन्ही बाजूंनी माफ असावी.

तोवर सरळ वाट अशी: भाच्याने पैसे आपल्या वडिलांना द्यावेत आणि वडिलांनी आपल्या बहिणीला. दोन्ही भेटी करमुक्त आहेत. व्यवहार बँकेतूनच करावा, सोबत दोन ओळींचे भेटपत्र ठेवावे, बिले आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे. नोंदणीकृत धर्मादाय न्यासाकडून गरजूला मिळालेली मदतही सहसा करमुक्त असते.

ज्यांना भारतात भाड्याचे वगैरे उत्पन्न आहे, त्यांनी जुनी करप्रणाली घेतल्यास ज्येष्ठ आई-वडिलांच्या आरोग्यविम्याच्या हप्त्यावर 50,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते. विमाच नसेल, तर भारतात राहणाऱ्या ज्येष्ठ आई-वडिलांच्या उपचारखर्चावरही तेवढीच. मात्र पैसे रोखीने दिलेले नसावेत. ही सोय फक्त आई-वडिलांसाठी आहे, सासू-सासऱ्यांसाठी नाही.

आणि पैसे पाठवण्याआधी दोन गोष्टी विचारा. घरातील व्यक्ती सत्तरीची असेल, तर 2024 पासून उत्पन्न न पाहता आयुष्मान कार्ड मिळते आणि योजनेतील रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या असतात. मागितल्याशिवाय त्या क्वचितच मिळतात.

रुग्ण खाटेवर असताना कागद शोधत बसण्यापेक्षा, वाचकहो, येत्या सुट्टीत घरी आलात की ही फाइल आधी लावून ठेवा.