‘कंपोस्टेबल’ पिशवी आणि ग्राहकांचा विश्वास

चेन्नई : तामिळनाडूत एकदाच वापरून टाकून द्यायच्या प्लास्टिक वस्तूंवर १ जानेवारी २०१९ पासून बंदी लागू झाली. मात्र २०१८ च्या मूळ आदेशात ‘कंपोस्टेबल’, म्हणजे खतात रूपांतर होणाऱ्या पिशव्यांना सूट होती. पिशवीवर तसा उल्लेख हवा आणि ती आयएस/आयएसओ १७०८८ या मानकात बसणारी हवी, अशी अट होती. त्यामुळे पिशवी वैध की अवैध, हे तिच्यावरील छापील मजकुरावर ठरू लागले.

हा मजकूर खरा की खोटा, हे ग्राहकाला पाहून किंवा हाताळून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील चाचणी लागते. उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्रही घ्यावे लागते.

मजकूर खरा असला, तरी प्रश्न संपत नाही. मानकानुसार पिशवीचे विघटन नियंत्रित परिस्थितीत, सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानात तपासले जाते. मिश्र कचऱ्यातून कोडुंगैयूर किंवा पेरुंगुडीच्या कचराभूमीत गेलेल्या पिशवीला ही परिस्थिती मिळत नाही. ‘पिशवी कुठेही टाकली तरी मातीत मिसळेल’, हा ग्राहकाचा समज येथे चुकीचा ठरतो.

पर्यावरणस्नेही वस्तूंसाठी केंद्र सरकारने १९९१ मध्येच मातीच्या घड्याचे चिन्ह असलेली ‘इकोमार्क’ योजना सुरू केली होती. ती बाजारात फारशी रुजली नाही. २०२४ मध्ये तिच्या जागी नवे नियम आले. याउलट, विजेच्या उपकरणांवरील तारांकन २००६ मध्ये सुरू झाले आणि घरोघरी परिचित झाले. तारे मोजता येतात आणि त्यांचा संबंध थेट वीजबिलाशी असतो, हे त्याचे एक कारण मानता येईल.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणविषयक दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ असे शब्द वापरणाऱ्यांनी त्यांचा आधार ग्राहकाला उपलब्ध करून द्यावा, अशी त्यांत अपेक्षा आहे. मात्र पुरावा उपलब्ध असणे आणि तो दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला समजणे, यांत अंतर आहे.

तामिळनाडू सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ‘मीण्डुम मंजप्पै’, अर्थात ‘पुन्हा पिवळी पिशवी’ ही मोहीम सुरू केली. कापडी पिशवी पुन्हा वापरता येते, हे सांगायला कोणत्याही चिन्हाची गरज भासत नाही. इतर वस्तूंच्या बाबतीत मात्र केवळ चिन्ह छापून विश्वास निर्माण होणार नाही. त्यामागे नियमित तपासणी आणि कचऱ्याची योग्य विल्हेवाट या दोन्ही व्यवस्था उभ्या राहाव्या लागतील.