पॉलिप काढल्यानंतरचा पंधरवडा

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर वाढलेला पॉलिप दुर्बिणीतून वेळीच काढला, तर पुढे होऊ शकणारा कर्करोग टळतो. वैद्यकशास्त्राची ही मोठीच देणगी होय. परंतु मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या बाबतीत लाभहानीचा हिशेब बदलतो. तो नीट मांडला गेला नाही, तर त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. मूत्रपिंडे बंद पडली की रक्तात साचणाऱ्या द्रव्यांमुळे प्लेटलेट पेशींचे कार्य मंदावते. त्यांची संख्या पुरेशी असूनही त्या जखमेला नीट चिकटत नाहीत. रक्तक्षयाने हा दोष वाढतो. त्यातच डायलिसिसच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिले जाते. शिवाय पॉलिप काढल्यानंतरचा रक्तस्राव त्याच दिवशी होतो असे नाही. विजेने जाळलेल्या जागेची खपली सुटल्यावर, साधारण दोन आठवड्यांपर्यंत, तो केव्हाही सुरू होऊ शकतो. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, या हिशेबाने त्या पंधरवड्यात सहा वेळा हेपॅरिन शरीरात जाण्याचा संभव असतो.

यावर उपाय नाहीत असे नव्हे. लहान पॉलिप विजेवाचून, नुसत्या तारेच्या फासाने कापता येतो. मोठी जखम क्लिपने मिटवता येते. हेपॅरिनविना डायलिसिसही होऊ शकते. मात्र तेव्हा नळ्या थोड्या थोड्या वेळाने सलाइनने धुवाव्या लागतात आणि परिचारिकेला यंत्रापाशी लक्ष ठेवून राहावे लागते. म्हणजे औषध वाचते, पण श्रम वाढतात. प्रत्येक डायलिसिसमागे ठरावीक रक्कम मिळणाऱ्या केंद्राला या जादा श्रमाचा मोबदला कोण देणार? प्रश्नाचा गाभा येथे आहे.

भारत सरकारने २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. खाजगी भागीदारीतून जिल्हा रुग्णालयांत केंद्रे उघडावीत आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना मोफत उपचार द्यावेत, ही कल्पना स्वागतार्हच आहे. परंतु मोबदला डायलिसिसच्या संख्येवर बेतलेला असला, की दोन उपचारांमधील समन्वय कोणाच्याच खात्यात जमा होत नाही. दुर्बीण शहरातील एका रुग्णालयात, डायलिसिस दुसरीकडे आणि रुग्णाचे घर तिसऱ्याच गावी असते. रक्तस्राव मात्र या वाटणीची पर्वा करीत नाही.

मग अशा रुग्णांचे पॉलिप काढूच नयेत काय? तसे म्हणणे चुकीचे ठरेल. ज्याच्या शौचातून रक्त जाते, त्याची तपासणी झालीच पाहिजे. प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्यालाही वयानुसार ती आवश्यक ठरते. त्याच्या बाबतीत तर रक्तस्राव दुहेरी घातक आहे. कारण बाहेरचे रक्त चढवल्याने शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन जुळणारे मूत्रपिंड मिळणे अवघड होऊ शकते. परंतु लक्षणे नसलेल्या आणि आयुष्य मर्यादित उरलेल्या डायलिसिस-रुग्णाची कर्करोगासाठी सरसकट तपासणी करू नये, असा सल्ला अमेरिकन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजीने २०१२ सालीच दिला आहे. पॉलिपचा कर्करोग होण्यास बहुधा दहा-एक वर्षे लागतात. ज्याला तेवढे आयुष्य नाही त्याच्या वाट्याला लाभ न येता केवळ धोका येतो. तपासण्यांची ‘पॅकेजे’ विकणाऱ्या बाजाराला हा फरक करण्याचे प्रयोजन नसते.

म्हणून मागणी साधी असली पाहिजे. पॉलिप काढावा की नाही, हे मूत्रपिंडतज्ज्ञ व दुर्बीण घालणारा डॉक्टर यांनी मिळून, रुग्णाला समजावून ठरवावे. डायलिसिस केंद्राला लेखी सूचना जावी आणि हेपॅरिनविना डायलिसिसचा वेगळा दर शासनाने मान्य करावा. रक्तस्राव झाल्यास कोठे जायचे, हे मराठीत लिहिलेला कागद रुग्णाच्या हाती असावा आणि त्या पंधरवड्यातील फेरभरतीचा खर्च मूळ उपचारातच धरला जावा. यांपैकी एकाही गोष्टीला नवे संशोधन लागत नाही. जबाबदारी कोणाची, एवढेच ठरवावे लागते.